भुलाबाईच्या गाण्यांचं पुस्तक करून राहिली आहे, मार्जिन नेमकं किती ठेवू? (लाटेक, ए४)

दारव्ह्याची_पोर

नमस्कार सगळ्यांना. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, मी शिकायला अमरावतीला असते, आता सुट्टीत घरी आली आहे. आईच्या बचत गटातल्या बायांनी ठरवलं का गावातल्या म्हाताऱ्या बायांना भुलाबाईची (आमच्याकडचा भोंडल्यासारखा पोरीबायांचा सण) जेवढी गाणी येतात तेवढी लिहून घ्यायची अन् त्याचं छोटंसं पुस्तक करायचं. भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते, त्याच्या आत छापून हातात पाहिजे. गाणी आहेत, थोड्या जात्यावरच्या ओव्या आहेत, अन् मधे मधे आज्यांच्या आठवणी आहेत एकेक दीड दीड पानाच्या, म्हणजे तो साधा गद्य मजकूर.

टाइप करायचं काम माझ्यावर आलं. कॉलेजात प्रोजेक्टसाठी लाटेक (मजकुराची पानं मांडून देणारं सॉफ्टवेअर) शिकली होती म्हणून झीलाटेकमध्ये (त्याचाच एक प्रकार) केलं, आर्टिकल क्लास (त्यातला तयार साचा), १२ पॉइंट, मार्जिनला हात लावलाच नाही. ४४ पानं झाली. प्रिंट काढून आणली तर काका (खर्च तेच देऊन राहिले) म्हणाले, "एवढी कोरी जागा कायले सोडली वं? कागद का फुकट येते?" पट्टीने मोजलं तर खरंच डावीकडे ३९ मिमी, उजवीकडे ३३, अन् खाली तर हातभर. डावं उजवं सारखं का नाही तेही समजलं नाही.

मग मी मार्जिन बदलायचं जॉमेट्री पॅकेज लावून चारही बाजूंनी १ सेंटिमीटर केलं. २८ पानात बसलं, काका खूश. पण आजीला वाचायला दिलं तर आजी गद्याच्या पानावर दुसऱ्या तिसऱ्या ओळीलाच अडखळते, एक ओळ संपली का परत तीच ओळ वाचते नाहीतर मधली सोडून खालच्या ओळीवर जाते. चष्मा नवीनच आहे, तिमाहीच झाली. वरून दुकानदाराने बाजूने पिना मारून वर टेप लावून दिली तर डावीकडची पहिली अक्षरं पिनेखाली गेली, पुस्तक फाकवून वाचा लागते.

आता मधलं काय ठेवू, २ सेंटिमीटर का अडीच? काही नियम असते का याचा? का अंदाजानेच करतात सगळे?

टपरीवरचा

वर्ड घ्या, लेआउटमध्ये नॅरो मार्जिन दाबा, चारही बाजूने १.२७ सेमी येते, विषय संपला. लाटेक फिटेक कशाला पाहिजे गाण्याच्या पुस्तकाला 😄

जुना_ऑपरेटर (अचलपूर)

टपरीवाले भाऊ, तिला १ सेंटिमीटरमध्येच त्रास झाला अन् तुम्ही सव्वा सांगून राहिले. वर्ड असो का काही असो, साडेअठरा सेंटिमीटरची ओळ ती तशीच लांब राहणार.

ताई, तुम्ही प्रश्न उलटा धरला आहे, नवीन माणूस असाच धरतो, मी पण धरायचो. पेजमेकर अन् श्रीलिपी ह्या सॉफ्टवेअरच्या जमान्यापासून छपाईच्या ह्याच धंद्यात आहे, निमंत्रण पत्रिका, पतसंस्थेचे अहवाल, स्मरणिका, भजनाच्या वह्या, सगळं केलं. मार्जिन आधी ठरवायचंच नाही. आधी ओळ ठरवायची. वाचणारा कोण, त्याला अक्षर केवढं पाहिजे, त्या अक्षरात एका ओळीत किती शब्द बसले तर डोळा न चुकता खालच्या ओळीवर येतो, हे पाहायचं. ओळ ठरली का मग कागद, अन् ओळ अन् कागद ठरला का उरलं ते मार्जिन. तुमची आजी चुकत नाही, १९ सेंटिमीटरची ओळ १२ पॉइंटात दिली तर मी पण चुकीन. ओळीच्या शेवटापासून डोळ्याला परत एवढ्या लांब डावीकडे यायचं असते अन् तिथं आल्यावर सगळ्या ओळी सारख्याच दिसतात, खालची कोणती अन् आत्ता वाचली ती कोणती.

इंग्रजीवाले ४५ ते ७५ कॅरेक्टरची ओळ चांगली म्हणतात, ६६ म्हणजे एकदम बरोबर. हा आकडा मराठीला जसाच्या तसा लावू नका. आपल्या मात्रा, वेलांट्या, हलंत हे सगळे कॉम्प्युटर वेगळे मोजतो. "स्त्री" लिहा, दिसायला एक अक्षर पण युनिकोडात ६ कोड. "वऱ्हाडी" मधे ७ कोड अन् तोंडाने म्हणाल तर तीनच अक्षरं. म्हणून मी शब्दच मोजतो. पुस्तकात ओळीला ९ ते ११ शब्द बसले का मला बरं वाटते. म्हाताऱ्या माणसांसाठी असेल तर ७-८ पण चालतात.

आता तुमचा खरा इलाज. ए४ सोडा. ए४ कागद हा अर्ज अन् अहवालासाठी आहे, त्याच्यावर पुस्तक करायचं म्हणजे एकतर ओळ लांब होते नाहीतर बाजू कोरी राहते, तिसरा रस्ता नाही (दोन कॉलम सोडून, पण गाण्यात कॉलम केले का लांब ओळी तुटतात). ए५ करा. १४८ बाय २१०, ए४ चा बरोबर अर्धा. एका ए४ कागदावर दोन्ही बाजूने मिळून ४ पानं, मधात घडी, घडीवर दोन पिना. काकांना सांगा कागद वाचतो. गाण्याच्या ओळी तशाही लहान असतात, ए४ वर उजवा अर्धा कागद कोराच जात होता, तो तर काकांनी पाहिलाच नाही, त्यांना फक्त कडेची जागा दिसली.

अन् बाजूने पिना मारू देऊ नका. साइड पिन अन् टेप मिळून ८-१० मिमी खाऊन जाते अन् वरून पुस्तक पूर्ण उघडत नाही.

शिरोरेषा

वर जुन्या ऑपरेटर काकांनी मुद्दा सांगितलाच आहे, मी लाटेकचं सांगतो.

पहिले डाव्या उजव्याचं कोडं. तुम्ही क्लासला ए४पेपर हा ऑप्शन दिला नसणार. न दिला तर आर्टिकल क्लास अमेरिकन लेटर कागद धरून हिशोब करतो, २१६ बाय २७९ मिमी. पण पीडीएफ बहुतेक ठिकाणी ए४ निघते. लेटरच्या मधोमध बसवलेला मजकूर ए४ वर आला की उजवीकडचे ६ मिमी कमी होतात आणि खाली १८ मिमी उरतात. ३९ आणि ३३, बरोबर तेच झालंय. दुसरं म्हणजे १२ पॉइंटला आर्टिकल क्लास ओळ ३९० पॉइंटच्या वर जाऊच देत नाही, म्हणजे १३७ मिमी (१० पॉइंटला ३४५, ११ ला ३६०). लोक लाटेकला नावं ठेवतात की मार्जिन राक्षसी, पण ते कागदापेक्षा ओळीची लांबी आधी बघतं. जुन्या ऑपरेटर काकांसारखंच वागतं ते :)

आता ए५ साठी. आजीसाठी आहे तर १४ पॉइंट घ्या, साध्या आर्टिकलमध्ये १२ च्या वर नाही, एक्स्टआर्टिकल घ्या, त्यात १४, १७, २० मिळतात. ऑप्शनमध्ये ए५पेपर आणि टूसाइड (दोन्ही बाजूने छपाई). जॉमेट्रीला मार्जिन सांगूच नका, टेक्स्टविड्थ म्हणजे ओळीची लांबी सांगा, १०४ मिमी. आणि बाइंडिंगऑफसेट (बाइंडिंगसाठी आत सोडायची जादा जागा) ८ मिमी. बाकी ते स्वतः वाटून घेईल. टूसाइडमध्ये त्याचा ठरलेला हिसाब आतली बाजू २ भाग, बाहेरची ३ भाग असा असतो. १४८ मधून ८ गेले १४०, १०४ गेले ३६ उरले, त्याचे आत १४.४ आणि बाहेर २१.६, आणि आत ते ८ परत मिळवले की २२.४. म्हणजे जवळपास सारखंच.

इथे सगळ्यांना वाटतं की आत २ आणि बाहेर ३ भाग हे उलटं झालं. नाही, पुस्तक उघडलं की डाव्या आणि उजव्या पानाची आतली मार्जिनं शेजारी शेजारी येतात, दोन्ही मिळून एक पट्टा दिसतो, म्हणून एकेकट्याने कमी असलं तरी चालतं. फक्त बाइंडिंगमध्ये जे जातं ते वेगळं भरून द्यायचं. घडीवर पिन असेल तर ८ पण जास्त होतील, ४-५ पुरे. गोंदाचं परफेक्ट बाइंडिंग असेल तर ८-१० ठेवा, ते सपाट उघडत नाही.

दोन ओळींतलं अंतर वाढवा, लाइनस्प्रेड १.२५ वगैरे. देवनागरीला वर मात्रा आणि रफार, खाली उकार, सगळं एकमेकांत अडकतं, शिवाय शिरोरेषेमुळे पान आधीच दाट दिसतं. ओळ जितकी लांब तितकं अंतर जास्त, हे एकमेकांवर अवलंबून आहे.

ओळ लहान केली की गद्यात ओव्हरफुल एचबॉक्सच्या तक्रारी येतील, शब्द मार्जिनमध्ये घुसेल. पॉलीग्लॉसिया या भाषेच्या पॅकेजमध्ये भाषा मराठी दिली का बघा, मराठीचे हायफनेशन पॅटर्न (शब्द कुठे तोडायचा त्याचे नियम) आहेत. तरी नाही जमलं तर इमर्जन्सीस्ट्रेच ३ एम द्या, म्हणजे शब्दांमधलं अंतर थोडं जास्त ताणता येतं. आणि फॉन्ट फायनल करायच्या आधी "वऱ्हाडी" आणि "म्हाताऱ्या" हे दोन शब्द टाइप करून बघा, काही फॉन्टमध्ये तो अर्धा र नीट येत नाही, आणि तुमच्या पुस्तकात तर तो पानोपानी असणार.

धुऱ्यावरचा_मास्तर (नागभीड)

एवढं सगळं वाचून मले बैल आठवले. नांगराचा तास लांब असला अन् शेताच्या कडेले धुरा सोडलाच नसला त बैल वळते कुठं? दुसऱ्याच्या पऱ्हाटीत. वळायले जागा पायजे म्हणून धुरा ठेवा लागते, त्याले कोनी वाया गेलेली जमीन म्हनत नाही. (आमच्या इकडं धान हाये, पऱ्हाटी तुमच्याकडची, पण बैल सारखेच.)

शाळेतला एक अनुभव सांगतो. दुसरीच्या पोरांसाठी मी एकदा गोष्टी टाइप करून झेरॉक्स काढल्या. कागद वाचवाचा म्हणून आडव्या कागदावर काढल्या, इकडून तिकडं पूर्ण. पोरं बोट ठेवून वाचतात ना, बोट ओळीच्या शेवटी जाते अन् परत येता येता खालच्या खालच्या ओळीवर घसरते. मी म्हनत होतो पोरांचं लक्ष नाही. मंग तोच मजकूर घडी घालून दोन भागात दिला त सरसर वाचून राह्यली. पोरं तीच, अक्षर तेच.

अन् ताई एक विचारतो, गाण्यांच्या ओळी तुम्ही दोन्हीकडून सारख्या ताणून त नाही ना बसवल्या? आमच्या गावच्या भजनाच्या वहीत तसं केलं होतं, चार शब्दाची ओळ पूर्ण पानभर ताणलेली, शब्दाशब्दात एवढं अंतर का मधातून बैलगाडी जाईन.

वणीचा_कारकून

थोडं अवांतर. आमच्या कोर्टाच्या कामात आधी सगळं लांब लीगल कागदावर असायचं. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ए४ केला तेव्हा त्यात मार्जिन पण सांगितलं, डावीकडे उजवीकडे ४-४ सेंटिमीटर, वर खाली २-२, टाइम्स न्यू रोमन १४, ओळीत दीडचं अंतर, कागद दोन्ही बाजूने छापायचा. पहिल्यांदा आम्ही पण म्हटलं ४ सेंटिमीटर म्हणजे काय उधळपट्टी. आता शिरोरेषा यांचं वाचून हिशोब केला तर २१ मधून ८ गेले, १३ सेंटिमीटरची ओळ. लाटेकवाल्यांच्या १३७ मिमीच्या जवळच. म्हणजे जज लोकांची अन् आजीची अडचण एकच आहे म्हणा ना.

जुना_ऑपरेटर (अचलपूर)

मास्तरांनी मुद्द्याचं विचारलं. गाणं कधीच जस्टिफाय करायचं नाही. डावीकडून सरळ, उजवीकडून जशी संपेल तशी.

अन् ताई, इथं एक गोष्ट काकांना नक्की दाखवा. बाजूचं मार्जिन कमी केल्याने गाण्याच्या पानात काहीच वाचत नाही. ओळ गाण्यातच संपते ना, तुम्ही तिला १० सेंटिमीटर द्या का १९, खाली तेवढ्याच ओळी होतात. बाजूने कमी करून जे वाचते ते फक्त गद्यात. गाण्याची पानं कमी करायची असतील तर वरखालची जागा पाहा, पानावर एक ओळ जास्त बसली तरी ६०-७० पानात फरक पडते. मी ए५ ला वर १६ अन् खाली २० ठेवतो, खाली थोडं जास्त कारण पान नंबर पण तिथंच, अन् मजकूर जरासा वर असला का डोळ्याला मधात वाटते, बरोबर मधात ठेवला तर खाली घसरल्यासारखा दिसतो.

सगळ्यात लांब ओळ शोधा. पूर्ण पुस्तकातली. ती १४ पॉइंटात १०४ मध्ये बसली तर बाकी सगळ्या बसतात. नाही बसली अन् अशा दोन तीनच असतील तर त्या तोडा, पण तुटलेला तुकडा थोडा आत सरकवून ठेवा म्हणजे गाणारीला कळते का ही नवी ओळ नाही, आधीचीच आहे. ओव्यांमध्ये हे लय होईल, ओवीची ओळ लांब असते. तिथं मधला थांबा जिथं आहे तिथंच तोडा, कॉम्प्युटरला तोडू देऊ नका, तो कुठंही तोडतो.

बाहेरच्या बाजूला अंगठ्याची जागा पाहिजे हे पण लक्षात ठेवा. पुस्तक हातात धरून फेर धरणार ना बाया, अंगठा कुठं ठेवतील? अक्षरावर.

शिरोरेषा

ऑपरेटर काकांनी सांगितलेल्या तुटलेल्या ओळीसाठी व्हर्स पॅकेज आहे, तुकडा आपोआप आत सरकवतं. त्यात व्हर्सविड्थ म्हणून मोजमाप आहे, गाण्यातली सगळ्यात लांब ओळ त्याला दाखवली की पूर्ण गाणं एक ठोकळा धरून पानाच्या मधोमध बसतं, पण ओळी डावीकडून सरळच राहतात. लहान ओळींची गाणी डाव्या कडेला चिकटलेली दिसत नाहीत मग.

आणि छापताना प्रिंटच्या खिडकीत "फिट" असेल तर काढून "ॲक्चुअल साइज" करा. दुकानात हमखास फिट असतं, ९७ टक्के वगैरे करून टाकतं आणि तुम्ही घरी मिलिमीटर मोजत बसता. प्रिंट आली की पट्टीने ओळ मोजायची, १०४ आली पाहिजे. (घडीची पुस्तिका मात्र बुकलेट म्हणून काढायची, म्हणजे पानं आपोआप उलटसुलट लागतात, आणि त्या खिडकीत पण पानं लहान होऊन तर नाही ना राहिली ते बघायचं.)

दारव्ह्याची_पोर

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, मी दोन दिवस गायब होती, इकडं लाइन नव्हती अन् लॅपटॉप बंद पडला.

ए४पेपर दिलं नव्हतंच, शिरोरेषा बरोबर बोलले. आता ए५, १४ पॉइंट, १०४ मिमी, ऑफसेट ५ केला कारण घडीवरच पिन मारणार आहोत. लाइनस्प्रेड १.२५ ला पानात २३ ओळी येतात. गद्याच्या ओळीत ८-९ शब्द येऊन राहिले. एकूण ६६ पानं झाली. लांब ओळी १४ निघाल्या, सगळ्या ओव्यांच्या, त्या आईला विचारून विचारून थांब्यावर तोडल्या. आई म्हणे कागदावर नको पाहू, म्हणून पाहा, श्वास जिथं घेतो तिथं तोड. तेच केलं. दोन ठिकाणी आईचा अन् आजीचा श्वास वेगवेगळ्या जागी निघाला, तिथं आजीचं ठेवलं.

गाणी मी खरंच ताणून बसवली होती मास्तर, लाज वाटली वाचून 🙈

सहा पानं काढून आजीला दिली. ओसरीवर बसून सलग तीन पानं वाचली, मधात एकदा थांबली ते पण ओळ चुकली म्हणून नाही, त्या आठवणीतल्या बाईचं नाव चुकीचं लिहिलं म्हणून. काकांना एक ए४ कागद घडी घालून दाखवला, ४४ पानं एका बाजूने छापली होती तर ४४ कागद लागले होते, आता ६६ पानं म्हणजे १७. काका काही बोलले नाही, पट्टी मागितली अन् स्वतः मोजलं.

जुना_ऑपरेटर (अचलपूर)

मस्त. पण ६६ नाही, ६८ पानं धरा. घडीच्या पुस्तकात पानं ४ च्या पटीतच होतात, १७ कागद म्हणजे ६८. शेवटची दोन कोरी राहतील.

अन् १७ कागद एकात एक घातले का मधले कागद बाहेर सरकतात, ७० जीएसएमच्या कागदाला दीड मिमी तरी. कटिंगवाला ते सरळ कापतो, म्हणजे मधल्या पानांचं बाहेरचं मार्जिन तेवढं कमी होते. तुमच्याकडे बाहेर २३ च्या आसपास असेल, काही फिकर नाही. पान नंबर बाहेरच्या कोपऱ्यात कडेला चिकटवून ठेवला असेल तर मात्र मधात घ्या.

धुऱ्यावरचा_मास्तर (नागभीड)

कोरी दोन पानं पाहून काका पुन्हा ओरडतीन 😂 त्याच्यावर रेघा मारून द्या, ज्याले जे गाणं आठवलं ते लिहीन.

दारव्ह्याची_पोर

रेघा मारायचा विचार होता मास्तर, पण आत्ता संध्याकाळी आजीला आणखी तीन गाणी आठवली, दोन खिरापतीची अन् एक तिच्या माहेरचं. लावून पाहिली तर ६९ पानं होऊन राहिली. म्हणजे आता ७२ अन् तीन पानं कोरी. शेजारच्या मावशीकडे चालली मी वही घेऊन, त्यांना पण काही येतात म्हणते आई.